मनकर्णा मावशीचे उपास

एकोडी
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

अंकुश,

तुझा पत्ता हिरालालनं दिला. ट्रक घेऊन तो दुर्गला येतो-जातो. तुझं घर एकदा बाहेरून पाहिलं आहे म्हणाला. तुझा फोन नंबर त्याच्याकडे नाही, की असून दिला नाही, ते मी खोदून विचारलं नाही. सहा वर्षांनी लिहितो आहे. तसंच कारण असल्याशिवाय लिहिलं नसतं, म्हणून आधी कारण सांगतो.

आज उपासनेत तुझी आई चक्कर येऊन पडली. घाबरू नकोस. दुसरं गीत चालू होतं, सगळे उभे होतो. मावशी भिंतीला टेकली, टेकत टेकत खाली बसली आणि मग आडवी झाली. डोकं कुठं लागलं नाही. तोंडावर पाणी मारलं, उषानं पदरानं वारा घातला. शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द होता, "अंकुश आला का?" मग आम्हा सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

चक्कर उपासानं आली असणार. प्रार्थनागृहाचं बांधकाम तडीस जावं म्हणून गेल्या वर्षी आपण मंडळीत उपास-प्रार्थना सुरू केली. भिंतीवर एक तक्ता लावला आहे. ज्यानं ज्या दिवशी उपास केला, त्याच्या नावापुढे त्या दिवशी खूण. अकरा घरं मिळून तेवीस नावं. बहुतेकांच्या ओळीत महिन्याला दोन-तीन खुणा असतात. मधुकरराव तर एक उपास करून दोन खुणा करतात, हे तू ओळखलंच असशील. तुझ्या आईची ओळ मात्र भरलेली आहे. आधी फक्त शुक्रवार होता. मग बुधवार धरला. या उन्हाळ्यापासून आठवड्याचे चार-पाच दिवस. दर रविवारी मी तक्ता वाचतो तेव्हा तिचं नाव पहिलं घेतो. त्र्याहत्तराव्या वर्षी एवढी निष्ठा मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. तरण्या पोरांना मी सांगतो, मनकर्णा मावशीकडे पाहा.

सध्या ती आमच्याच घरी आहे. उद्या साकोलीला दाखवून आणतो. पण तू एकदा येऊन जा, अंकुश. तिला दुसरं काही नको आहे. दिवसातून तीनदा तुझं नाव घेते. मागचं काही काढायचं नाही, मीही काढणार नाही.

मी तुझ्यासाठी प्रार्थना करत असतो.

गुलाब


साकोली
शुक्रवार, २३ ऑगस्ट

अंकुश,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. मावशीला भरती करून घेतलं, आज पाचवा दिवस. सलाईन चालू आहे. जिवाला धोका नाही म्हणतात, पण फार उशिरा आणली असंही म्हणतात.

मागच्या पत्रात मी तुला जे कळवलं ते बरोबर नव्हतं. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. मला तेवढंच ठाऊक होतं.

भरती केलं त्या दिवशी इथल्या नर्सनं विचारलं, "बाईनं शेवटचं पोटभर कधी खाल्लं होतं?" मी म्हटलं, "त्यांचे उपास असतात. प्रार्थनेचे." सांगताना माझी मान थोडी ताठ झाली असेल. ती पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "काका, उपास करणारा माणूस दुसऱ्या दिवशी जेवते. हे बाई दुसऱ्या दिवशीही नाही जेवली, अन् तिसऱ्याही दिवशी नाही. हात धरून पाहा जरा."

मी दंडाला हात लावला. माझं बोट आणि अंगठा एकमेकांना टेकले. दर रविवारी उपासनेनंतर मी हाच हात हातात घेऊन मावशीला सलाम करतो, आणि तेव्हा माझे डोळे तिच्या मागं रांगेत कोण उभं आहे तिकडे असतात.

तिचं लुगडं आणायला मी गावी गेलो. कुलूप काढून तुझ्या घरात गेलो. आपण लहान असताना मी त्या चुलीपाशी किती वेळा जेवलो असेन, पण तू गेल्यापासून अंगणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. चूल बऱ्याच दिवसांची थंड होती. पिंपात हात घातला तर तळाशी ओंजळभर कनकी लागली, आपण कोंबड्यांना टाकतो तसले तांदळाचे तुकडे. कोपऱ्यात वाळलेली अंबाडी. तेलाची बाटली पालथी करून ठेवलेली. मी दुसरं पिंप शोधत होतो. मला वाटत होतं, तांदूळ कुठंतरी असतीलच.

कुंपणावरून शेवंताबाईनं हाक दिली. "काय शोधून राहिले, गुलाबभाऊ?"

"मावशी तांदूळ कशात ठेवते?"

"तांदूळ?" ती कुंपणाजवळ आली. "होळीपासून अंगठा नाई लागून राहिला तिचा राशनच्या मशीनवर. जलमभर विड्या वळल्या, बोटं घासून गेली. धान्य बंद हाये तिचं. तुमाले मालूम नवतं?"

मी नाही म्हटलं.

"मी भात-भाजी घेऊन गेली का म्हणे, आज माहा उपास हाये, शेवंता. बुधवारी गेली, उपास. गुरुवारी गेली, उपास. मंग मीच म्हटलं, तुमच्या लोकाईत उपास लय राह्यतात बाप्पा! आमी बुद्धाचे माणसं, आमाले काय समजते त्यातलं. उपास मोडल्यासारखं होईल म्हणून मी जाणं सोडलं."

घरी जाऊन हे उषाला सांगितलं. ती भाकर थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मी दोनदा डबा काढला होता मावशीसाठी. तुम्हीच म्हणाले, तिचा उपास नको मोडू." मला आठवत नव्हतं. तिला वारसुद्धा आठवत होते.

एवढं लिहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. मावशी जागी झाली होती. पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं, पत्र टाकलं आहे. खाली माझा नंबर लिहितो. तिच्याशी नुसतं बोललास तरी चालेल. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी फोन तिच्या कानाला लावून बाजूला जाईन.

गुलाब


एकोडी
रविवार, १ सप्टेंबर

अंकुश,

मावशीला परवा घरी आणलं, म्हणजे आमच्या घरी. पेज घेते, थोडा मऊ भात घेते. उषा समोर बसून खाऊ घालते आणि उठू देत नाही.

काल मी तिचं कार्ड घेऊन राशनच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अंगठा नाही लागला तरी कोड टाकून देता येते. कार्डावर मोबाईल नंबर आहे, त्यावर येते तो कोड. मी बुढीले सहादा म्हटलं, पोराले फोन लावून विचार. दरखेपी म्हणे, विचारून येतो बाबू. अन् येतच नव्हती."

तो नंबर तुझा जुना नंबर आहे. मी तिथंच लावून पाहिला. बंद आहे.

तिला ते ठाऊक होतं. पण नंबर बंद आहे म्हणायचं, तर पोराशी बोलणं नाही हे रांगेतल्या चार बायांसमोर म्हणायचं. ते तिच्या तोंडून निघालं नाही. सहा वेळा ती रिकामी पिशवी घडी करून घरी घेऊन आली.

आज दुपारी मी विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू?"

"घरात दाणा नाही म्हणून."

उषानं वाटी खाली ठेवली. मग मावशी म्हणाली ते जसं आठवतं तसं लिहितो. "सुरवातीले खराच उपास होता, बाबू. शुक्रवारचा. मंग घरात काही नवतं, त म्हटलं चला, नाई त नाई, देवाच्या नावानं होऊन जाईल. तू रविवारी माहं नाव घेतलं. सारे पलटून पाहिले माह्याकडं. आठवडाभर कोणी नावानं हाक नाई मारत मले. बुढी म्हणतात, अंकुशची माय म्हणतात. तू पुरं नाव घेत होता. मंग तुले कसं सांगू का हा उपास नोय?"

उषा उठून चुलीकडे गेली. मी बसून राहिलो. मावशीनंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू कायले रडतं? तुह्यं काय चुकलं?"

माझं काय चुकलं ते मी दिवसभर शोधतो आहे. ईस्टरनंतर दोन रविवार ती सगळे गेल्यावरही दारात थांबली होती. हे आता आठवतं. पहिल्या वेळी मी मोबाईलमध्ये होतो. रोज पहाटे मी दोनशे बारा लोकांना बायबलमधलं वचन पाठवतो, तुला माहीत नसेल. त्या दिवशी उत्तरं फार आली होती आणि मी एकेकाला हात जोडत होतो. मान वर न करता विचारलं, "काही काम होतं का मावशी?" ती म्हणाली, "नाई, तू कर तुह्यं." दुसऱ्या वेळी मी टिनाच्या पत्र्यांचं माप घेत होतो. तेव्हाही तेच विचारलं, तेच उत्तर आलं आणि माझं समाधान झालं. मी विचारलं होतं ना!

मोबाईल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पत्र्यांचं मापही घ्यायलाच पाहिजे होतं. प्रभू रस्त्यानं जाताना त्यालाही कुठंतरी पोचायचं असे, माणसं वाट पाहत असत. तरी कुणी हाक मारली की तो थांबे. कुणी हाक न मारता नुसता वस्त्राचा काठ धरला तरी थांबे. हे मी पंचवीस वर्षं लोकांना समजावून सांगतो. आज बसून मोजायला गेलो, मी स्वतः कुठं थांबलो. दहाही बोटं तशीच उरली.

तक्ता आज भिंतीवरून काढला. मधुकररावांनी विचारलं, "काहून काढला? माहे गेल्या महिन्यात सात झालते." मी म्हटलं, मोजून झाले. ते म्हणाले, "मंग नवीन लावसान त माहे सात तेवढे धरून घ्या."

तुझं काही उत्तर नाही. पत्रं पोचतात की नाही तेही कळत नाही. ती मात्र बसची वेळ झाली की दाराकडे तोंड करून बसते.

गुलाब


एकोडी
बुधवार, ११ सप्टेंबर

अंकुश,

सोमवारी सकाळी करुणाचा फोन आला. मी धानाच्या बांधीवर होतो. "गुलाबभाऊ का? मी करुणा बोलते, दुर्गहून." तिचा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. सहा वर्षांपूर्वी मी तिच्याविषयी मंडळीत उभं राहून बोललो, पण तिच्याशी कधी बोललो नाही.

तिनं आधी आईची तब्येत विचारली. काय खाते, किती खाते, झोप लागते का, संडासला कोण नेते, सगळं बारीक बारीक. मग म्हणाली, "तुमची पत्रं ते वाचत नाहीत. आली की टीव्हीच्या मागं टाकतात. मी फोडते."

मी म्हटलं, बरं केलं.

"तीन पत्रं वाचली. तुम्हाले काय नाही दिसलं, ते तुम्ही चांगलं लिहिलं. वाचून मले रडू आलं, खोटं नाही सांगत. पण तुम्हाले जे दिसलं होतं, ते एकाही पत्रात नाही."

मी बांधावरच खाली बसलो.

"लग्नाले आई काहून नाही आल्या, भाऊ? हे आजवर म्हणतात, आईले मी पसंत नव्हती, आईनं पाठ फिरवली. मी म्हणते, असं नसेल. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या अंगणात होते, एवढं आमच्या कानावर आहे. काय झालं ते लिहा. ते पत्र मी टीव्हीमागं नाही जाऊ देणार. हातात देईन, अन् वाचेपर्यंत समोर उभी राहीन."

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मागचं काही काढायचं नाही. ते तुझ्या भल्यासाठी लिहिलं नव्हतं. आता लिहितो. करुणा समोर उभी आहे, वाच.

लग्नाच्या आदल्या रविवारी मी तुझं नाव घेऊन मंडळीत प्रार्थना केली. मंडळीबाहेरची मुलगी करतो म्हणून भरकटलेला म्हणालो. तू ते ऐकलंस आणि उठून गेलास. तुझं भांडण त्यावरच आहे असं तुला वाटतं. ते त्या मानानं लहान आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तुझ्या घरी गेलो. तुम्ही सगळे आदल्या दिवशीच लग्नासाठी आसगावला पोचला होतात. मावशी नऊच्या बसनं येणार होती. नवं लुगडं नेसली होती. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मला पाहून आनंदानं म्हणाली, "तू बी चालतं का, बाबू?" मी जाणार नव्हतो. तिनंही जाऊ नये अशी माझी इच्छा होती. पण आईला मुलाच्या लग्नाला जाऊ नको म्हणण्याइतका मी उघड माणूस नाही. मी म्हटलं, "मावशी, निघण्याआधी प्रार्थना करू." नाही कशी म्हणेल ती? तिनं डोक्यावर पदर घेतला.

मी सुरू केलं. तुझ्यासाठी केली, तिच्या प्रवासासाठी केली. मग मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी, एकेकाचं नाव घेऊन. मग पाऊसपाण्यासाठी. मग राज्य चालवणाऱ्यांसाठी. मला थांबायचं नव्हतं. मला घड्याळाचा अंदाज होता, अंकुश. मी नऊ वाजायची वाट पाहत प्रार्थना करत होतो.

बसचा भोंगा वळणावर वाजला तेव्हा मी डोळे उघडले. मावशीचे डोळे उघडेच होते. रस्त्याकडे पाहत होती. एक हात पिशवीच्या बंदावर होता. आणि हळूच, मला राग येऊ नये इतक्या हळू, ती म्हणाली, "आमेन." मी थांबावं म्हणून. पुन्हा म्हणाली, "आमेन, बाबू."

मी डोळे मिटले आणि पुढं चालू ठेवलं.

बस गेली. मी संपवलं. ती म्हणाली, "आता दुसरी?" दुसरी अकराची होती, आणि त्या बसनं साकोलीहून पुढची गाडी वेळेवर मिळाली नसती. मी म्हटलं, देवाची इच्छा. ती आत गेली आणि लुगडं बदलून आली. तिनं मला चहा करून दिला. मी तो प्यायलो.

तुला तिनं हे कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मीही सांगितलं नाही. मंडळीत लोक म्हणाले, मनकर्णाबाई विश्वासात पक्की, पोराच्या लग्नालाही गेली नाही. तेही मी खाली मान घालून ऐकून घेतलं. तिची वाहवा मी तेव्हापासून करतो आहे.

तर तुझ्या आईनं पाठ फिरवली नव्हती. ती तयार होती. पिशवीच्या बंदावर हात ठेवून बसली होती. राग धरायचा तर माझ्यावर धर, पण तिच्याकडे ये. तिच्या अंगात आता फार दिवस वाट पाहण्याइतकं बळ नाही.

रविवारी मी हे मंडळीत सांगणार आहे. तू येशील म्हणून नाही. तू आला नाहीस तरी सांगणार आहे.

गुलाब


एकोडी
शुक्रवार, ४ ऑक्टोबर

अंकुश,

तुम्ही मावशीला घेऊन गेलात त्याला बारा दिवस झाले. घरात तिची खाट तशीच आहे. उषा अजून एक मूठ तांदूळ जास्त धुते.

मंडळीत काय झालं ते तुला ठाऊक नसेल. पंधरा तारखेला सांगितलं. तुला लिहिलं तसंच, आमेनसकट. मग मधुकरराव म्हणाले, "भाऊ, हे काय मंडळीत सांगायची गोष्ट होती? घरात सांगाची राह्यते." महिन्यातून एकदा पाळकसाहेब भंडाऱ्याहून येतात, ते त्या दिवशी होते. मी म्हटलं, मंडळीतलं हे वडीलपण, उपासना चालवायचा हा मान, सोडतो. ते म्हणाले, "सोडलं की सुटता येईल, म्हणून सोडता का? ते आम्ही ठरवू. तुम्ही आधी जोडे लावा. बाहेर विखुरले आहेत, म्हाताऱ्यांचे पाय अडकतात." मी बाहेर जाऊन जोडे लावले. तेव्हापासून रविवारी मी तिथंच बसतो. शेवटचा माणूस चपला घालून जाईपर्यंत मोबाईल उषाजवळ असतो. जोडे घालताना माणसं पुष्कळ बोलतात, हे मला आता कळलं. वाकून पाय शोधत असतात, तोंडाकडे पाहावं लागत नाही, म्हणून बोलतात. शेजारच्या एका लहान पोराची शाळा महिन्यापासून बंद आहे, हे तिथं कळलं. तो आपल्या मंडळीतला नाही. उपासनेनंतर वाटतात त्या जिलेबीसाठी नुसता आला होता.

तू आलास त्या दिवसाविषयी तुला मी काय सांगणार. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तू फाटकाबाहेर गाडीवाल्याशी बोलत होतास. करुणा आधी आत आली. मावशीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. करुणानं पाया पडण्याआधी मावशीची पावलं हातात घेतली, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली आणि उषाला म्हणाली, "सूज आहे. मीठ कमी करा, अन् गाडीत पाय वर घ्याचे." मग पाया पडली. मी बारा दिवस दवाखान्यात आणि तीन आठवडे घरात तिच्याजवळ होतो. सूज मला दिसली नव्हती.

तुमच्या गुंजननं विचारलं, "आजी, तू टीव्हीमागच्या पत्रातली का?" मावशीला ते कळलं नाही, पण ती इतकी हसली की उषाला वाटलं खोकला लागला. तेवढ्यात तू दारात आलास. पुढचं तुझं आहे, मी तेव्हा मागच्या अंगणात निघून गेलो होतो.

निघताना तू मला एकच विचारलंस. "ते आमेन म्हणाली, ते तुले ऐकू आलं होतं?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "बस." आणि गाडीत बसण्याआधी कागदावर नंबर लिहून दिलास, "कार्डावर हा टाक. नाताळले आई परत येईन म्हणते. तवा तिचं धान्य तिले भेटलं पाहिजे."

तो नंबर कार्डावर चढवून आणला. दोन खेपा घालाव्या लागल्या, पण झालं. दुकानदारानं लावून पाहिला, तुला एक कोरा मिस्ड कॉल आला असेल, तो त्याचा. माझ्या फोनमध्ये मी तो ठेवला नाही. कागदही दुकानातच फाडला. तू कार्डासाठी दिला होतास.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. मागच्या पत्रात मी काय झालं ते सांगितलं, पण तुझ्याकडे मागायचं होतं ते मागितलं नाही. चार दिवस शब्द जुळवतो आहे. दोन कागद खराब झाले. तू देशील म्हणून नाही, आणि लगेच तर नाहीच, पण निदान नीट मागावं असं

मधुकरराव फाटकाबाहेर आले आहेत. सायकलवरून उतरले नाहीत, एक पाय टेकून उभे आहेत. खिडकीतून दिसतात. मघाशीही असेच थांबले होते आणि निघून गेले होते. मला वाटलं तक्त्याचं काही काढतील, म्हणून मीच मान खाली घालून लिहीत राहिलो. एरवी चौकातूनच बोलत येणारा माणूस. आज घंटीसुद्धा वाजवली नाही. शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत.

पुन्हा सायकल वळवत आहेत. तुझं राहू दे, मी जातो